गिटारला पाजलेल्या दोन घागरी

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कुणी चहाडी करायला नको. ऐन दुष्काळात एका म्हातारीने गाभण गाईसाठी राखून ठेवलेलं दोन घागरी पाणी मी जमिनीत ओतलं. झाडाला नाही, रोपाला नाही. गिटारला. आणि नुसतं ओतलं नाही, त्यात खडेमीठ कालवून, चारचौघांना शास्त्र समजावून सांगत ओतलं.

संपादकांचा निरोप होता की पुरुषांच्या धंद्यात तुम्ही नाव काढलंत, त्याबद्दल लिहा. नाव काढलं ते खरं. पण आता सत्तरी उलटली. या वयात आपली आरती आपणच ओवाळायची म्हणजे हात दुखतो. त्यापेक्षा तेहतीस वर्षांच्या एका शहाणीची गंमत सांगते. ती शहाणी म्हणजे मीच. नवा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा लातुरात जी चार-दोन माणसं स्वतःला फार हुशार समजून चालत होती, त्यांत हिचा नंबर वरचा होता.

माझं काम अँप्लिफायर दुरुस्तीचं, आणि त्यातही बास गिटारचे अँप्लिफायर जास्त. गावाकडची माणसं त्याला नुसतं 'मशीन' म्हणायची आणि मला 'मशीनवाल्या बाई'. बास गिटार म्हणजे चार जाड तारांची गिटार. गाण्यात ती वेगळी ऐकू येत नाही. पण ती थांबली की गाण्याच्या पायाखालची फरशी कुणीतरी काढून नेल्यासारखं होतं. तिचा आवाज कानापेक्षा छातीला आधी कळतो. तारेत उमटते ती वीज मुंगीएवढी. मशीन त्या मुंगीचा हत्ती करतं आणि स्पीकरमधून बाहेर सोडतं. मुंगीचा हत्ती करायचा म्हणजे मशीन तापणार, घुमणार, कधीतरी बसणार. बसलं की माझ्याकडे यायचं.

मी यात आले कशी? बहात्तरच्या दुष्काळात मी वीस वर्षांची होते आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. मुकादमाचा ट्रान्झिस्टर बंद पडला. मी त्याचं मागचं झाकण काढलं, आत एक तार निसटलेली दिसली, ती चिकटवली, रेडिओ बोलायला लागला. झालं. मुकादमाने चार गावांत सांगितलं की अमक्याची पोरगी इंजिनियर आहे. पुढच्या वर्षी लातुरातल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याचं स्थळ आलं. मला अजून शंका आहे की त्यांनी बायको पाहिली नव्हती, बिनपगारी मिस्तरी पाहिला होता.

आमचे मालक स्वभावाने सोन्यासारखे, आणि उंच आवाजाला त्यांचा कान फार तयार. रेडिओची शिट्टी ते रस्त्यावरून ओळखत. पण खालच्या पट्टीतली घुमघुम त्यांना ऐकूच यायची नाही. माझीही हाक खालच्या पट्टीतलीच असावी, कारण तीसुद्धा यायची नाही. मग बास गिटारची मशीनं माझ्याकडे आली. मी लाकडी पाटावर बसायची, पायात रबरी चपला, तळहात खोक्याच्या झाकणावर. आवाजातला दोष मला कानाआधी तळहाताला लागायचा. याचा मला केवढा गर्व. गिऱ्हाईक आलं की मी मुद्दाम डोळे मिटून तळहात ठेवायची, वैद्य नाडी बघतो तशी. मालक म्हणायचे, "आता आशीर्वाद दे आणि दुरुस्त कर."

नवा जिल्हा झाला आणि आमचं काम दुप्पट झालं. नव्या जिल्ह्याला नवी ऑफिसं, ऑफिसांना नवे कारकून, आणि चार कारकून जमले की ऑर्केस्ट्रा निघालाच म्हणून समजा. दिवसा फायली आणि संध्याकाळी तालमी. कोण कुठून गिटार आणायचा देव जाणे, पण मशीन मात्र इथंच कुणीतरी जोडलेलं असायचं आणि ते पहिल्या गणपतीतच माझ्या पाटासमोर यायचं.

गिऱ्हाइकंही नमुनेदार. नांदेडहून एक बँडमास्तर आले, पांढरा डगला, छातीवर बिल्ले. मशीन टेबलावर ठेवून दोन पावलं मागं सरकले आणि हळूच म्हणाले, "बाई, ह्याला भानामती हाय."

"काय करतं?"

"आपूआप बोलतं. वरातीत घोडं नाचून राहिलं आन् हे मधीच बाईच्या आवाजात तुरीचे भाव सांगतं."

मी हसू दाबलं. गिटारपासून मशीनपर्यंत येणाऱ्या वायरीवर आत तारांची बारीक जाळी असते. ती बाहेरच्या लहरी अडवते. त्यांची जाळी तुटली होती, म्हणून वायर एरियलचं काम करत होती आणि जवळचं रेडिओ केंद्र मशीनमधून बोलत होतं. वायर बदलली, भानामती गेली. महिन्याने मास्तर परत हजर, तोंड उतरलेलं. "बाई, ते बोलनं परत बसवून देता का? बोलनाऱ्या मशीनचा बँड म्हनून लोक लांबलांबून बलवत व्हते. आता कोन पुसत न्हाई." ती तुटकी वायर मी टाकून दिली होती. ते पडलेल्या चेहऱ्याने गेले. दुरुस्ती करून गिऱ्हाइकाचं नुकसान केल्याचं ते माझं पहिलं उदाहरण.

मुखेडचा एक जण फाटलेला स्पीकर घेऊन आला. स्पीकरचा पडदा जाड कागदाचा असतो. तो फाटला की आवाज फडफडतो. याने घरीच खळ लावून लग्नपत्रिकेचे तुकडे डकवले होते. वाजवून पाहिला तर काय सांगू, नव्या स्पीकरपेक्षा गोड. मी पत्रिका काढायचं नाकारलं. पुढं कितीतरी वर्षं मुखेडच्या आठवडी बाजारात तो स्पीकर वाजत होता आणि त्याच्या पोटावर 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' हे थरथरताना दिसत होतं.

आता मिलिंदकडे येते, कारण घागरी त्याच्या गावच्या.

मिलिंद नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकून. देवणीकडच्या एका खेड्यातला, आई-बाप लवकर गेलेले, आजीने वाढवलेला. लातुरातल्या एका गायन पार्टीत तो बास गिटार वाजवायचा आणि मागून कोरसही म्हणायचा. त्या वर्षी एप्रिलात जयंतीचा कार्यक्रम त्याच्याच गावात, त्याच्याच वस्तीवर ठरला. गावात त्याच्याविषयी बोलणं होतं की मिल्या लातुरात चार तारा बडवतो आणि त्यातून आवाजच निघत नाही. लाउडस्पीकरच्या लहान भोंग्यातून बास ऐकू येत नाही, त्यामुळे गावाला तो खरंच ऐकू आला नव्हता. आजीलाही नाही. म्हणून या खेपेला तो स्वतःचं मोठं मशीन नेणार होता. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच ते घुमायला लागलं. तो ते डोक्यावर घेऊन दुकानात आला.

"काकू, माझ्या गावात हे घुमलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"तळहात ठेवते," मी म्हटलं. मालकांनी पलीकडून आकाशाकडे पाहिलं.

इथं थोडं शास्त्र सांगावं लागेल, त्याशिवाय माझा गाढवपणा किती मोठा ते कळणार नाही. मशीनच्या तीन पिनी प्लगात तीन तारा असतात. दोन विजेच्या, तिसरी हिरवी. हिरवी तार मशीनच्या लोखंडी पेटीपासून निघते आणि शेवटी जमिनीत जाते. पेटीत वीज उतरली तर ती माणसातून न जाता या तारेने जमिनीत जावी, एवढंच तिचं काम. घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखी ती असते. काही करताना दिसत नाही, पण नसली की कळतं. आता गंमत अशी की कधीकधी मशीन घुमतं ते या जमिनीच्या तारेमुळेच. दोन यंत्रं एकमेकांना जोडलेली, दोघांना वेगवेगळी जमिनीची वाट, मग वीज त्या दोन वाटांतून प्रदक्षिणा घालते आणि घुंऽऽ करते. दोष तोच आहे का हे पाहायला मिस्तरी हिरवी तार तात्पुरती सोडवतो. तात्पुरती. हा शब्द मी मुद्दाम दोनदा लिहिला.

मी तार सोडवली, टोकाला टेप गुंडाळली, प्लग बंद केला. आणि विसरू नये म्हणून नेहमीसारखी पदराला गाठ मारली. मालक कागदावर लिहून ठेवायचे, मी त्यांना हसायची. कागद हरवतो, पदर कुठं जातो? माझ्या पदराला एकेका दिवशी चार-चार गाठी असायच्या. ही स्क्रूची, ही कंडेन्सरची, ही धाकट्याच्या शाळेच्या फीची. संध्याकाळी एकेक सोडायची आणि तेवढी कामं उरकायची. कधी चूक झाली नव्हती.

मिलिंदच्या मशीनचा दोष तारेत नव्हताच. आतला कंडेन्सर, म्हणजे वीज साठवून धरणारी डबी, वाळला होता. नवा घातला, घुमणं बंद. मिलिंद इतका खूष झाला की म्हणाला, "काकू, तुम्ही पण चला गावाला. काही झालं तर तुम्ही असाल." मी कशाला नाही म्हणते? दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं, त्या गडबडीत संध्याकाळी गाठी सोडायच्या राहिल्या. जयंतीची पांढरी साडी इस्त्रीची काढलेली. ती नेसले. गाठ मारलेली निळी साडी दांडीवर वाळत ठेवलेल्या कपड्यांत राहिली. गाठ लातुरात आणि मी देवणीच्या रस्त्याला.

उदगीरपर्यंत एस.टी., तिथून जीप. मशीन माझ्या गुडघ्यांवर. दोन्ही बाजूंची रानं इतकी वाळलेली की जीप गेली तरी पाखरू उडेना. गावात टँकर तीन दिवसांतून एकदा यायचा आणि तो आदल्या दिवशीच येऊन गेलेला. हापशाचा दांडा काढून ठेवलेला, कारण रिकामा हलवून पोरं तो मोडत होती.

मिलिंदची आजी, सोजरआजी, दारातच बसली होती. काटकुळी, पांढऱ्या लुगड्यातली, डोळे मात्र सुईसारखे. अंगणात देवणीची काळीपांढरी गाय, पोट दोन्हीकडे फुगलेलं. आजीने मला अर्धा तांब्या पाणी दिलं आणि मी शेवटचा घोट घेईपर्यंत तांब्याकडे पाहत राहिली.

"लातूरहून आलीस का माय? मिल्याची मास्तरीण का तू?"

"नाही आजी, मी मशीन दुरुस्त करते."

"तू?" तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग नवरा काय सैपाक करतो?"

दुपारी चारला समाजमंदिरासमोर मांडव उभा राहिला. निम्मं गाव जमलं, कारण कार्यक्रमाआधीची तयारी कार्यक्रमापेक्षा जास्त करमणुकीची असते. मिलिंदने गिटार गळ्यात अडकवली, तारेवर बोट ठेवलं आणि कोरस तपासायला ओठ माइकजवळ नेले. ओठ टेकताच तो असा मागं उडाला की पखवाजवाल्याच्या मांडीवर जाऊन बसला.

मांडवात हशा. एक म्हातारे पुढून म्हणाले, "मिल्या, गिटार चावती का रं?"

"बैलाला येसन असती. ह्याला काय हाय?" दुसरे.

मी टेस्टर काढला, मशीनच्या पेटीला लावला. टेस्टरमधला दिवा पेटला. पेटीत वीज उतरत होती आणि जमिनीत जात नव्हती. मी वळून गावाकडे पाहिलं. त्या तेहतीस वर्षांच्या शहाणीला इतका मोठा जमाव पहिल्यांदाच मिळाला होता.

"अर्थिंग नाही," मी जाहीर केलं. "पहार आणा."

मांडवाच्या खांबाशेजारी पहार ठोकली. जमीन अशी की पहारीतून ठिणग्या. पहारीला तार बांधली, ती बोर्डाच्या तिसऱ्या भोकात नेली. टेस्टर लावला. दिवा पेटलाच.

"जमीन कोरडी आहे," मी म्हटलं. "कोरडी जमीन वीज ओढून घेत नाही. ओली करावी लागेल. मीठ टाकलं तर आणखी चांगलं. एक घागर पाणी आणा."

हे शास्त्र अगदी बरोबर आहे. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. पण मांडवातली माणसं एकमेकांकडे पाहायला लागली आणि बायका आपापल्या घराच्या दारांकडे.

"बाई," मघाचेच म्हातारे सावकाश म्हणाले, "मानसाला प्यायला न्हाई आन् गिटारला तहान लागली व्हय?"

मिलिंद खाली मान घालून गिटार उतरवायला लागला. "राहू द्या काकू. मी आज नाही वाजवत."

तेव्हा सोजरआजी उठली. घरी गेली आणि कमरेवर घागर घेऊन आली. "गाईसाठी राखून ठिवलं व्हतं. उंद्या-परवा व्याईल ती. पर पोराला झटका बसून राहिला. घे."

मी घेतलं. लाज वाटली का? खरं सांगते, नाही वाटली. मला वाटलं, विज्ञानासाठी त्याग. दुकानातून खडेमीठ आणवलं, घागरीत कालवलं आणि पहारीभोवती ओतत ओतत समजावून सांगितलं की पृथ्वी हीच सगळ्यात मोठी तार आहे. जमिनीने ते पाणी असं गिळलं की आवाजसुद्धा आला. टेस्टर लावला. दिवा पेटला.

"आणखी एक लागेल," शहाणी म्हणाली.

आजीने माझ्याकडे पाहिलं, मग मिलिंदकडे. दुसरी घागर आणली. तिच्याकडे उरलेली ती शेवटचीच असणार. मी ती दुसरीही ओतली. दिवा पेटला, पहिल्यापेक्षा जरा जास्तच, असं मला वाटलं. गाय दावणीवरून मान लांब करून ओल्या मातीचा वास घेत होती.

आता तिसरी मागायची हिंमत नव्हती. निदान या दोन घागरी आजीला परत करायच्या, एवढं तरी विसरायला नको, म्हणून सवयीने पदराचं टोक हातात घेतलं गाठ मारायला.

पदर कोरा होता. इस्त्रीचा, पांढरा, एकही गाठ नसलेला.

निळी साडी आठवली. तिच्या पदराची गाठ आठवली. ती गाठ कशाची, ते आठवलं. जी तार मी स्वतःच सोडवून ठेवली होती, तिच्यासाठी मी जमीन भिजवत होते. पहारीभोवती आख्खी विहीर ओतली असती तरी दिवा विझला नसता, कारण मशीन जमिनीला जोडलेलंच नव्हतं.

आणि मिलिंदच्या ओठाला जेवढा बसला त्यापेक्षा मोठा झटका बसला असता तर? घामेजलेले हात, लोखंडी तारा, ओला माइक. माझ्या धंद्यात यातून माणूस जातो. एवढ्या एका गोष्टीवर मला आजही हसता येत नाही.

पण त्या क्षणी शहाणीने काय केलं? मांडवाकडे पाठ केली, प्लग हातात घेतला, "जरा बोर्ड तपासते" असं पुटपुटली, स्क्रू काढला, टेप सोलली, हिरवी तार जागेवर बसवली आणि स्क्रू पिळला. एक मिनिटही लागलं नाही. टेस्टर लावला. दिवा विझलेला.

"पाण्यानं काम केलं की," म्हातारे म्हणाले.

यावर मी काय बोलायला हवं होतं ते शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी म्हटलं, "जमिनीला मुरायला जरा वेळ लागतो."

लोकांनी माना हलवल्या. कुणीतरी टाळी वाजवली. मी पदर सारखा केला.

कार्यक्रम झाला. मिलिंदने वाजवलं आणि पहिल्यांदा वस्तीला त्याच्या चार तारा काय करतात ते कळलं. मांडवाचे पत्रे थरथरत होते. आजी पहिल्या रांगेत होती. पहिलाच सूर निघाला तेव्हा तिने दचकून छातीवर हात ठेवला आणि शेजारणीला विचारलं, "माझं काळीज वाजून राहिलं का?" शेजारीण म्हणाली, "मिल्याचं हाय ते." मग आजीने तो हात शेवटपर्यंत काढला नाही. मी तिच्याकडे पाहत होते. पलीकडं अंगणात गाय उभी होती, रिकाम्या घमेल्यासमोर.

झोप कसली येते. तांबडं फुटलं तशी उठले, आजीच्या दोन घागरी घेतल्या आणि बायकांच्या मागं निघाले. नदी कोसभर लांब. नदी म्हणजे वाळू. वाळूत कमरेइतका खड्डा आणि खड्ड्याच्या तळाला पाझरणारं पाणी. वाटीने भरायचं. एक वाटी भरली की थांबायचं, पुन्हा पाझरेपर्यंत. माझी पांढरी साडी गुडघ्यापर्यंत चिखलाची. बहात्तर साली मी दिवसभर खडी फोडत असे. दहा-बारा वर्षांच्या लातूरने कमरेचं पार पीठ केलं होतं.

"मशीनवाल्या बाई," खड्ड्याच्या काठावरून एकजण म्हणाली, "हितं अर्थिंग बरं हाय का?"

"बाई, मीठ आनू का?" दुसरी.

बाकीच्या हसल्या. मीही हसले, पण त्यांच्यापेक्षा कमी. त्या मला हसत होत्या ते एवढ्यासाठी की शहरातली बाई वाटीने पाणी भरते. खरं कारण त्यांना माहीत नव्हतं आणि माझ्या जिभेवर ते रात्रीपासून फुटाण्यासारखं तडतडत होतं. दोन घागरी भरेपर्यंत ऊन वर आलं. एक डोक्यावर, एक कमरेवर. वाटेत तीनदा उतरवल्या. थोडं सांडलं. ते सांडलेलं पाणी पाहून जी कळ आली, ती आदल्या दिवशी दोन घागरी ओतताना का आली नव्हती, याचा विचार करत चालले.

आजी अंगणात होती. मी पहिली घागर सरळ गाईच्या घमेल्यात रिकामी केली. गाईने मान खाली घातली ती वर काढलीच नाही. दुसरी घागर रांजणाशी ठेवली.

"कामून गेलीस माय?" आजी म्हणाली. "पाव्हनी तू. उंद्या टँकर आलाच असता."

"आजी," मी म्हटलं, "तुमचं पाणी वाया गेलं."

"कसं वाया? मिल्या वाजला की."

मग मी सगळं सांगितलं. तार मीच सोडवली होती. गाठ लातुरात राहिली. पाण्याने काही झालं नाही, प्लग उघडून तार लावली तेव्हा झालं. आणि मी सगळ्यांसमोर खोटं बोलले. मिलिंद दारात येऊन उभा होता, त्यानेही ऐकलं. त्याचा हात नकळत ओठाकडे गेला. पुढं त्याने आयुष्यभर माझ्याकडून मशीन नेताना आधी माझ्यासमोर प्लग उघडून हिरवी तार पाहिली, मगच मशीन उचललं. मला त्याचा राग आला नाही. मीही त्या दिवसानंतर पदराच्या गाठीवर भरवसा ठेवला नाही. सोडवलेल्या तारेची चिठ्ठी सरळ मशीनच्या कपाळाला चिकटवायला लागले. मालक ती चिठ्ठी पाहायचे आणि काही बोलायचे नाहीत. त्यांचं ते न बोलणं फार मोठ्याने ऐकू यायचं.

आता बाजारात सर्किटच्या तयार पट्ट्या मिळतात. बिघडलं की जुनी काढायची, नवी बसवायची. तळहात ठेवून नाडी बघणारं कुणी उरलं नाही. माझेही हात आता थरथरतात, म्हणजे आवाजाचा दोष कुठला आणि माझा कुठला ते कळत नाही. पण हिरवी तार अजून हिरवीच आहे, आणि नातवाने घरात कुठलंही नवं यंत्र आणलं की मी आधी त्याचा प्लग मागते. घरातले म्हणतात, म्हातारीला वेड आहे. त्यांना अंगणातली ती सकाळ ठाऊक नाही.

माझं सांगून झालं तेव्हा सोजरआजी गाईकडे पाहत होती. मला वाटलं आता शिवी येईल, आणि ती मला हवीच होती. घमेलं तळाला लागल्याचा आवाज आला. तेव्हा आजीने मान वळवली आणि अगदी शांतपणे म्हणाली,

"वाया गेलं म्हनू नगं माय. औंदा ह्या जिमिनीला वरच्यानं पाजलं न्हाई, तालुक्यानं पाजलं न्हाई, तुमच्या नव्या जिल्ह्यानं बी पाजलं न्हाई. पाजलं ते तू एकलीनं. पर बाई, पाजायचंच व्हतं तर मंग त्यात मीठ कामून टाकलंस?"